अमेरिकेचा स्पाउस व्हिसा: मुंबईची मुलाखत, कागदपत्रं आणि माझी तीन नावं

सोनचाफा२२

नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण आता खरंच धाबं दणाणलंय. नवरा अमेरिकन सिटिझन, न्यू जर्सीत असतो, लग्न १४ मार्च २०२४ ला झालं, मी इकडे सांगली जिल्ह्यात आईबाबांकडे आहे. आय-१३० (नवऱ्याने माझ्यासाठी केलेला अर्ज) मंजूर झाला, एनव्हीसीच्या (अमेरिकेचं नॅशनल व्हिसा सेंटर) दोन्ही फिया भरल्या (३२५ आणि १२० डॉलर), डीएस-२६० (ऑनलाइन व्हिसा अर्ज) भरला, कागद अपलोड केले, केस क्वालिफाइड (म्हणजे कागद पूर्ण) झाल्याचा मेल आला आणि काल मुलाखतीचं पत्र आलं, मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये, २१ जानेवारी. म्हणजे हातात सहा आठवडे.

आता अडचण सांगते. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे, स्वतःचं, मग बाबांचं, मग आडनाव. लग्नाच्या दाखल्यावरही तेच. पण लग्नात सासूबाईंच्या हौसेने नाव बदललं, तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने लिहिलं ते, आणि नंतर आधार कार्ड त्या नव्या नावाने आणि सासरच्या आडनावाने करून घेतलं. आणि तिसरं म्हणजे जन्मदाखला. तो काढून आणला तर त्यात आईचं नाव आहे, बाबांचं आहे, तारीख बरोबर आहे, आणि माझ्या नावाच्या जागी नुसती रेघ! मी एनव्हीसीला तो आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला असं दोन्ही अपलोड केलं होतं आणि त्यांनी घेतलं. मग आता काळजी करायची का नाही? नवऱ्याने मुलाखतीला यायला पाहिजे का? रात्री झोप लागत नाहीये, प्लीज कोणीतरी नीट सांगा.

जर्सीकर

ताई, आधी शांत व्हा, तुमची केस सरळ आहे. नवऱ्याला यावं लागत नाही, मुलाखत तुमची एकटीची. माझ्या बायकोच्या वेळी मी इकडे नोकरीवरच होतो.

नावाचं असं आहे की व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने येतो, बाकी सगळे कागद त्या नावाशी कसे जोडले जातात एवढंच ते बघतात. त्यामुळे आता घाईघाईत पासपोर्ट सासरच्या नावाने करायला जाऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. डीएस-२६० मध्ये आधी वापरलेली दुसरी नावं विचारतात, तिथे तुम्ही आधारवरचं नाव लिहिलंय का ते आज उघडून बघा. लिहिलं नसेल तर घाबरू नका, खिडकीवर स्वतःहून सांगा, ते फॉर्म पुन्हा उघडून दुरुस्त करू शकतात. आपण सांगितलं तर ती दुरुस्ती होते, त्यांनी शोधून काढलं तर मात्र ते लपवल्यासारखं दिसतं.

आपल्याकडच्या नावाची गंमत त्यांना माहीत नसेल असं आपल्याला वाटतं पण मुंबईच्या खिडकीवर रोज असली नावं जातात, मधलं नाव बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं, हे त्यांना पाठ असणार. तरीही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून ठेवा, शंभर टक्के लागेल असं नाही पण फाइलमध्ये असू दे.

फ्रीमाँटची_मावशी

सोनचाफा, तू नावापेक्षा जन्मदाखल्याकडे बघ बाळा. जर्सीकर म्हणतात ते बरोबर आहे पण एनव्हीसीने कागद घेतला म्हणजे झालं असं नसतं, त्यांनी फक्त कागद आलाय का एवढं बघितलेलं असतं, शेवटचा निर्णय मुलाखत घेणाऱ्या ऑफिसरचा. आणि जन्मदाखल्यावर तुझं नाव, तारीख, गाव, आईवडील हे सगळं असायला हवं. नाव नसलेला दाखला म्हणजे अमुक जोडप्याला एक मुलगी झाली एवढाच पुरावा, ती मुलगी तूच हे त्यातून कळत नाही. तुला एखादी बहीण असेल तर ऑफिसरला प्रश्न पडणारच ना.

मी गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीच्या सहा-सात मुलींची फाइल लावून दिलीये आणि जवळजवळ प्रत्येकीची गाडी इथेच अडली, अमेरिकेच्या कागदांवर नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मुलीचा जन्म आजोळी. नोंद आजोळच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. दवाखान्याने दोन दिवसांत कळवलेली असते, तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाची जागा कोरी. नंतर बाळ-बाळंतीण सासरी जातात आणि ती रेघ तशीच राहते पंचवीस-तीस वर्षं, कोणाला कळतही नाही कारण शाळेत दाखल करताना हेडमास्तर त्या काळी तोंडी तारखेवर नाव घालून घ्यायचे.

नाव घालायला नियमाने १५ वर्षांची मुदत असते पण शासन अधूनमधून मुदतवाढ देतं, तर आधी तिथे जाऊन विचार. फोनवर विचारू नकोस, स्वतः जा, आईला किंवा मामाला घेऊन जा, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला), आधार, आईबाबांची ओळखपत्रं घेऊन जा. नाहीच जमलं तर तो कोरा दाखला, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, एलसी, आणि जन्म प्रत्यक्ष माहीत असलेल्या जवळच्या माणसांची प्रतिज्ञापत्रं, आई आणि मामी किंवा आजी चालतील, असा संच कर. आणि ज्यांची नोंदच सापडत नाही त्यांनी तसा अनुपलब्धतेचा दाखला रजिस्ट्रारकडून घ्यायचा, तो नसेल तर बाकीच्या कागदांना अर्थ राहत नाही.

अवांतर: माझी मुलाखत १९९८ ची, तेव्हा कॉन्सुलेट ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होतं, समुद्राचा वारा खात बाहेर उभं राहायचो. बीकेसीला २०११ मध्ये गेलं. तेव्हाही मला जन्मदाखल्याचंच विचारलं होतं.

वारणाकाठ

मावशींना अनुमोदन. माझ्या बायकोची शाळेतली जन्मतारीख १ जून. आमच्या भागात निम्म्या वर्गाची १ जूनच असायची, शाळा जूनमध्ये सुरू, सहा वर्षं पूर्ण दिसायला हवीत म्हणून गुरुजी तीच लिहायचे. खरी तारीख ऑगस्टमधली आणि जन्मदाखल्यावर ऑगस्ट. पासपोर्टवर जून. आम्ही अर्ज करायच्या आधीच आठ महिने घालवून पासपोर्ट जन्मदाखल्याप्रमाणे दुरुस्त केला, मग आय-१३० लावला. कोणाचं लग्न नुकतंच ठरलं असेल आणि हे वाचत असाल तर आज घरी जन्मदाखला काढून बघा, साखरपुड्याची साडी नंतर घ्या.

पण मला लिहायचंय ते मेडिकलबद्दल. मेडिकल मुलाखतीच्या आधी, आणि फक्त त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, यादी वेबसाइटवर आहे. बायको लोकल दवाखान्यातून एक्स-रे काढून नेणार होती, तो चालत नाही. तिथे छातीचा एक्स-रे, रक्त, लसींची नोंद. लहानपणीचं लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड असेल तर घेऊन जा, नसेल तर काही लसी तिथे पुन्हा टोचतात, त्याने काही बिघडत नाही.

आता महत्त्वाचं. बायकोला लहानपणी प्रायमरी कॉम्प्लेक्स (लहान मुलांचा टीबी) झाला होता, सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाली, घरात सगळे विसरूनही गेले. एक्स-रेत बारीक डाग दिसला. मग तीन दिवस ओळीने सकाळी थुंकीचे नमुने द्यायला जायचं, आणि कल्चरचा (नमुन्यात जंतू वाढतात का ते बघायचा) रिपोर्ट यायला आठ आठवडे. मुलाखत आमची त्याच्या मधेच होती, ती पुढे ढकलावी लागली. ती तिथल्या बाकावर बसून रडत होती, मी इकडे फोनवर, काय बोलायचं तेच कळेना. रिपोर्ट निगेटिव्ह आला, सगळं झालं. पण ज्यांना कधीही टीबीचं औषध चालू होतं त्यांनी मुलाखतीचं पत्र आल्याबरोबर मेडिकल घ्या, जुनी फाइल, जुने एक्स-रे शोधून न्या आणि विचारलं तर खरं सांगा.

दुपारचा_चहा

मी थोडी कडू गोष्ट सांगते. आम्ही तालुक्याच्या गावच्या एका एजंटला चाळीस हजार दिले. त्याने डीएस-२६० भरला, ईमेल स्वतःचा टाकला, पासवर्ड स्वतःकडे. मला पोर्टलवर माझीच केस दिसत नव्हती, एनव्हीसीने दोन महिन्यांपूर्वी मागितलेला कागद मला माहीतच नव्हता. वर त्याने नवऱ्याच्या आधीच्या लग्नाचा उल्लेखच केला नाही, म्हणे कशाला सांगायचं, सोपं जाईल. नवऱ्याने आय-१३० मध्ये तो लिहिलेला! म्हणजे दोन फॉर्ममध्ये दोन गोष्टी. मी हातापाया पडून पासवर्ड घेतला आणि स्वतः सगळं परत वाचलं, रात्री दोन वाजेपर्यंत, डिक्शनरी घेऊन.

मैत्रिणींनो, फॉर्म कोणीही भरू दे, सही तुमची आहे. ईमेल तुमचाच द्या. बीएमबी ने सुरू होणारा केस नंबर आणि पावती क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. आणि आधीचं लग्न असेल, तुमचं किंवा त्यांचं, तर कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत घेऊनच जा, झेरॉक्सवर भागत नाही. आधीचा जोडीदार वारला असेल तर मृत्यूदाखला.

सोनचाफा२२

सगळ्यांचे खूप खूप आभार. आज डीएस-२६० उघडून बघितला, दुसऱ्या नावांच्या प्रश्नाला मी "नाही" लिहिलंय. पोटात गोळा आला. पण जर्सीकर म्हणतात तसं सांगेन.

सोमवारी आईला आणि मामाला घेऊन आजोळी जातेय. अजून दोन प्रश्न: पीसीसी (पोलिसांकडे गुन्हा नसल्याचा दाखला) पोलिस स्टेशनमधून घ्यायचं की पासपोर्ट ऑफिसमधून? आणि मराठी कागदांची भाषांतरं लागतात का?

जर्सीकर

पीसीसी पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवरून, ५०० रुपये फी, अपॉइंटमेंट घेऊन सेवा केंद्रात जायचं. पोलिस स्टेशनचं चारित्र्य पडताळणीचं पत्र यासाठी चालत नाही. पत्ता पासपोर्टवरच्यापेक्षा वेगळा असेल तर पडताळणी होते आणि वेळ जातो. वय १६ झाल्यानंतर दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर त्या देशाचंही लागतं. दुबई-मस्कतला नोकरी करून आलेल्यांनी हे आधी सुरू करावं, तिथले बोटांचे ठसे वगैरे इथून पूर्ण करायला फार धावपळ होते.

भाषांतर करून घ्या. भाषांतरकाराने खाली लिहायचं की भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, आणि सही. नावांचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टमध्ये जसं आहे तस्संच करायला सांगा. आमच्या भाषांतरकाराने सासूबाईंच्या नावात एक अक्षर वाढवलं होतं, ते परत करून घ्यावं लागलं.

नगरी_मिरची

कोणी आय-८६४ बद्दल (नवऱ्याने बायकोच्या खर्चाची हमी द्यायचा फॉर्म) बोललंच नाही म्हणून लिहिते. नवऱ्याची कमाई पुरेशी आहे ना ते बघून ठेव. २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या घरासाठी वर्षाला २६,४३७ डॉलर लागत होते, म्हणजे गरिबी रेषेच्या १२५ टक्के. माझा नवरा तेव्हा नुकताच नोकरी बदलून बसला होता, कमी पडत होतं, मग त्याच्या काकांनी जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबतचे हमीदार, म्हणून सही केली. काका ग्रीन कार्डवाले, तेही चालतं, फक्त अमेरिकेत राहणारा हवा. टॅक्सचा ट्रान्सक्रिप्ट (सरकारी उतारा), डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद), नोकरीचं पत्र, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, हे सगळं ताजं मागवून घे, एनव्हीसीला दिलेलं वर्षभरापूर्वीचं असेल तर नवीन वर्षाचं घेऊन जा.

आणि हे मी मुद्दाम लिहितेय. ती सही म्हणजे सरकारशी केलेला करार असतो, तू सिटिझन होईपर्यंत किंवा तुझ्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाचे ४० क्वार्टर (तिमाही) जमेपर्यंत तुला सांभाळायची जबाबदारी त्याची. घटस्फोटाने तो करार संपत नाही. हे कोणी मुलींना सांगत नाही. त्या फॉर्मची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या कपाटात असायलाच हवी, माझ्या आईने माझी तिच्या लॉकरमध्ये ठेवलीये. कोणाच्या संसाराला नाट लागावी म्हणून नाही म्हणत, आपण एवढ्या लांब जातो, आपल्याला माहीत पाहिजे.

पहाटवारा

विषय थोडा वेगळा, माझे मिस्टर ग्रीन कार्डवर आहेत, सिटिझन नाहीत. आम्हालाही हेच कागद का?

फ्रीमाँटची_मावशी

कागद तेच गं, पण तुमची कॅटेगरी एफ२ए (ग्रीन कार्डवाल्यांचे जोडीदार आणि मुलं), त्यात नंबर लागतो, दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये तारीख बघायची. मधेच मिस्टर सिटिझन झाले तर लगेच एनव्हीसीला कळवा, मग नंबरची वाट नाही. फक्त मुलं असतील तर त्यांच्यासाठी मग वेगवेगळा आय-१३० लावावा लागतो, सिटिझनच्या बायकोच्या अर्जात मुलं आपोआप धरत नाहीत. हे विसरू नका.

सोनचाफा२२

आजोळहून आले. सांगायलाच पाहिजे. तिथल्या बाईंनी आधी नाहीच होणार म्हटलं, मग मामाने शांतपणे विचारलं की मुदतवाढ आहे का तेवढं साहेबांना विचारा, साहेबांनी हो म्हटलं. मग रजिस्टर काढलं. कापडी बांधणीचं, कडा कुरतडलेल्या, पानं एवढी ठिसूळ की बाई पट्टीने उलटत होत्या. माझी नोंद डाव्या पानावर खालून तिसरी. "स्त्री", आईचं नाव, बाबांचं नाव, वडिलांचा व्यवसाय "शेती", आणि नावाच्या रकान्यात शाईने ओढलेली आडवी रेघ. आई तिथे एकदम गप्प झाली. म्हणाली, मी पाचव्या दिवशी घरी आले, बाराव्या दिवशी बारसं, नाव सांगायला परत यायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही.

अर्ज दिला, एलसी जोडली, बाबांची सही घेतली. बारा दिवसांत नाव घातलेला दाखला मिळाला. मेडिकल झालं, एक्स-रे स्वच्छ. पीसीसी आलं.

आता फक्त एक, लग्न खरं आहे हे दाखवायला काय काय नेऊ? तो वर्षातून एकदाच आलाय, जॉइंट अकाउंट वगैरे काही नाही.

दुपारचा_चहा

ठरवून केलेल्या लग्नात जॉइंट अकाउंट कुठून असणार. लग्नपत्रिका ने, साखरपुडा, हळद, लग्न, पूजा यांचे वीस-पंचवीस फोटो, ज्यात दोन्हीकडची माणसं दिसतील असे. मागे पेन्सिलने तारीख आणि कोण कोण ते लिही. तो आला त्याची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, कुठे फिरायला गेला असाल तर हॉटेलची बिलं. पैसे पाठवले असतील तर त्याची नोंद. चॅटचं सगळं बाड नको, महिन्यातून एक-दोन पानं पुरे, साधी बोलणी, काय जेवलास, डॉक्टरकडे गेलीस का, असली. त्याच्या विम्यावर किंवा पीएफसारख्या खात्यावर तू नॉमिनी असशील तर तो कागद.

वारणाकाठ

स्थळ कोणी आणलं, पहिल्यांदा कुठे भेटलात, तो काय काम करतो, त्याच्या घरी कोण कोण राहतं, एवढं साधं विचारतात. पाठ करून जाऊ नका. बायको मराठीत बोलली होती, तिथे मराठीची सोय मिळाली. जे इंग्रजीत अडखळतात त्यांनी उगाच इंग्रजीचा अट्टाहास करू नये.

आणि आधी एक दिवस तरी व्हीएसीला (व्हिसा अर्ज केंद्रात) ठसे द्यायचे असतात, ते विसरून थेट मुलाखतीला गेलेली माणसं बघितलीत. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. मोबाइल, बॅग आत नेता येत नाही, साधी प्लास्टिकची फाइल हातात घेऊन जा, आणि सोबत कोणीतरी फोन सांभाळायला ठेवा. सगळ्याची ओरिजिनल न्या, अपलोड केलं असलं तरी.

सोनचाफा२२

झालं!!! आज सकाळी मुलाखत झाली, पासपोर्ट ठेवून घेतला, मंजूर म्हणाल्या. हात अजून थरथरतायत पण लगेच लिहितेय कारण तुम्ही सगळे नसता तर मी कोरा दाखला घेऊनच गेले असते.

आधी एका खिडकीवर कागद घेतले. तिथल्या बाईंनी जुना दाखला आणि नवा दाखला दोन्ही बघितले, विचारलं हा बदल का, मी सांगितलं नाव नंतर घातलं, त्यांनी नोंदीची जुनी तारीख बघितली आणि शाळेचा उतारा ठेवून घेतला. मग बराच वेळ बसवून ठेवलं. नंतर ऑफिसर, उजवा हात वर करून खरं बोलेन अशी शपथ. मी पहिलं वाक्य हेच बोलले की डीएस-२६० मध्ये माझं एक नाव राहून गेलंय. त्या म्हणाल्या कोणतं, आधार बघितलं, टाइप केलं. विचारलं की पहिलंच नाव वेगळं कसं? मी फोटोंमधून ताटाचा फोटो काढून दिला, तांदळात लिहिलेलं नाव आणि नवऱ्याचा अंगठी धरलेला हात. त्यांनी तो जवळ घेऊन बघितला, दुभाषीबाईंना काहीतरी विचारलं, आणि विचारलं की तुम्हाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात? मी म्हटलं आईकडे जुन्या, सासूबाई नव्या, आणि नवरा जुन्याच. त्या हसल्या. मग स्थळ कोणी आणलं, तो शेवटचा कधी आला, तिकडे कोणाबरोबर राहतो, बस. सात-आठ मिनिटं असतील.

माझ्या शेजारच्या खिडकीवरच्या मुलीला २२१ जी ची (कागद अपुरे असल्याची) स्लिप मिळाली, जॉइंट स्पॉन्सरचा टॅक्सचा कागद नव्हता तिच्याकडे. बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी होती, मी तिला सांगितलं की हा कायमचा नकार नाही, तेवढा कागद दे, केस पुढे जाते.

जर्सीकर

मनापासून अभिनंदन! आता दोन गोष्टी. यूएससीआयएसची (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) इमिग्रंट फी, २३५ डॉलर, ऑनलाइन भरा, नाहीतर कार्ड येत नाही. कार्ड येईपर्यंत पासपोर्टवरचा व्हिसा आणि विमानतळावरचा शिक्का हाच वर्षभर ग्रीन कार्डसारखा चालतो. सीलबंद पाकीट दिलं तर फोडू नका, हातातल्या सामानात ठेवा, एक्स-रेची सीडीपण.

दुसरं, तुमचा व्हिसा सीआर-१ (अटीवरचा) लिहून येईल कारण लग्नाला अजून दोन वर्षं झाली नाहीत. दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत शिरलात तर कार्ड दोनच वर्षांचं, मग ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (अट काढायचा फॉर्म) भरायचा, पुन्हा फी, पुन्हा सगळे पुरावे. दोन वर्षांनंतर शिरलात तर विमानतळावर अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून सांगा, ते आयआर-१ (बिनअटीचा) करतात आणि कार्ड दहा वर्षांचं येतं. व्हिसाची मुदत मेडिकलच्या तारखेपासून धरतात, ती बघून ठरवा.

सोनचाफा२२

नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला दोन वर्षं काढली, अजून दोन महिन्यांनी काय होतंय. व्हिसाची मुदत जुलैपर्यंत बसतेय. १७ मार्चचं तिकीट काढलंय, मुंबई ते नेवार्क. लग्नाचा दाखला हातातल्या पर्समध्ये ठेवणार आहे. आणि आईने आज मामाला फोन करून सांगितलंय की धाकट्या मामेबहिणीचा दाखला उद्याच काढून बघ.